पावसाळ्यापूर्वीची डागडुजी : डोंबिवलीतल्या एका सदनिकेच्या प्रकल्प नोंदी

१२ एप्रिल २०२५, शनिवार

हवामान खात्याने २०२० साली सुधारलेल्या वेळापत्रकानुसार मोसमी पाऊस मुंबई परिसरात सर्वसाधारणपणे ११ जूनला दाखल होतो, म्हणजे घरातल्या पाण्याशी संबंधित कामे उरकण्यासाठी सुमारे दोन महिन्यांचा कोरडा काळ हाताशी आहे. आमची इमारत तीस वर्षांची, काँक्रीटच्या सांगाड्यात विटांच्या भिंती घातलेली, तीन मजल्यांची आहे आणि सदनिका दुसऱ्या मजल्यावर आहे. आज सगळे घर फिरून यादी केली. आतल्या खोलीच्या, न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर जमिनीपासून गुडघ्यापर्यंत ओल आहे, रंगाचे पोपडे सुटले आहेत आणि त्यांच्याखाली पांढरा लोणा, म्हणजे क्षारांची पूड, फुटला आहे. समोरच्या खोलीच्या सरकत्या खिडकीतून गेल्या जुलैत पाणी आत येत होते. दोन नळ ठिबकतात, न्हाणीघराचे दार चौकटीला घासते आणि पंखा मंद फिरतो.

यांपैकी भिंतीचे काम सर्वांत मोठे आहे आणि त्यासाठी एक नियम आजच ठरवला : पाणी कोठून येते हे सिद्ध होईपर्यंत रंग, पुट्टी किंवा कोणतेही जलरोधक रसायन विकत आणायचे नाही. याच भिंतीवर पूर्वी एका रंगाऱ्याने पुट्टी ओढून ओलप्रतिबंधक म्हणून विकला जाणारा रंग दिला होता आणि तो पहिल्याच पावसाळ्यात फुगला. त्यात रंगाचा दोष नव्हता. भिंतीच्या आतून येणारे पाणी बाहेर पडायला वाट शोधते, आणि वरचा थर जितका घट्ट असेल तितके ते त्या थराला मागून ढकलते.

ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून शेजारी आजची तारीख लिहिली.

१३ एप्रिल, रविवार

भिंतीत दिसणारी ओल तीन ठिकाणांहून येऊ शकते : भिंतीत गाडलेल्या नळाच्या पाइपातून, न्हाणीघराच्या जमिनीतून, किंवा बाहेरच्या भिंतीतून झिरपणाऱ्या पावसातून. एप्रिलच्या मध्यावर ती ओली आहे, म्हणजे निदान मुख्य कारण पाऊस नव्हे. शिवाय हवेतला दमट बाष्पांश थंड भिंतीवर जमून ओल दिसते असेही काही वेळा घडते, म्हणून प्रथम तेवढी शंका काढून टाकण्यासाठी स्वच्छ प्लॅस्टिकचा हातभर चौरस तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर पक्का बसवला. थेंब प्लॅस्टिकच्या बाहेरच्या बाजूला जमले तर पाणी हवेतले, आणि आतल्या बाजूला जमले तर भिंतीतले, इतका सरळ हा निवाडा आहे.

ओल मोजण्याचे दोन टोकांचे स्वस्त यंत्र घ्यावे असा विचार होता, पण तो सोडून दिला. ते यंत्र प्रत्यक्षात विद्युतरोध मोजते आणि लोणा आलेल्या भिंतीतील क्षार वीज वाहून नेत असल्यामुळे वाळलेली भिंतही त्याला ओली वाटू शकते. आपल्याला आकडा नको आहे, कारण हवे आहे.

१५ एप्रिल, मंगळवार

थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला आहेत.

१९ एप्रिल, शनिवार

पाइप की जमीन, हे ठरवण्यासाठी गेले काही दिवस न्हाणीघरात पाण्याचा एक थेंबही जमिनीवर पडू दिला नाही, मात्र नळाचा मुख्य व्हॉल्व्ह उघडाच ठेवला. आंघोळीची सोय शौचालयात बादली ठेवून केली, ज्याबद्दल घरातून पुरेशी नाराजी ऐकून घ्यावी लागली. तर्क असा होता की पाइपात गच्चीवरच्या टाकीचा दाब कायम असल्याने पाइप फुटला असेल तर ओल होती तशीच राहील, आणि जमीन दोषी असेल तर ओलीच्या कडा सुकू लागतील. कडा सुकू लागल्या आहेत. वरची किनार पेन्सिलीच्या रेघेपासून स्पष्टपणे खाली सरकली आहे आणि रंगाची छटा फिकी झाली आहे.

आज उलट बाजूने तपासणी केली. खालच्या मजल्यावरच्या काकूंना आधी कळवले, त्यांच्या न्हाणीघराच्या छताकडे एकदा पाहून घेतले आणि मग आमच्या नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जमिनीवरचे पाणी वाहून नेणाऱ्या सापळ्याच्या, तोंडात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कपडा घट्ट बसवून उंबऱ्याच्या खाली राहील इतपत पाणी साठवले. पाण्याची पातळी संशयित भिंतीच्या टाइलवर पेन्सिलीने नोंदली. उन्हाळ्यात पाण्याची वाफही होतेच, म्हणून शेजारी तितक्याच खोलीचे पाणी भरलेली परात ठेवली. जमिनीवरचे पाणी परातीतल्यापेक्षा जास्त उतरले, तरच गळती आहे असे मानायचे. पाण्यात रंग मिसळून तो पलीकडे उमटतो का ते पाहण्याची पद्धतही आहे, परंतु तो रंग विटांत कायमचा बसेल या भीतीने ती वापरली नाही.

२० एप्रिल, रविवार

परातीतले पाणी जेमतेम कमी झाले आहे आणि जमिनीवरचे चांगलेच उतरले आहे. काकूंच्या छतावर ट्रॅपच्या खाली नवी ओल नाही, तेव्हा ट्रॅपच्या खालचा पाइप शाबूत असावा. पाणी उतरल्यावर भिंत आणि जमीन यांच्या कोपऱ्यातली सांध बॅटरीच्या उजेडात पाहिली. सांधेतला सिमेंटचा भराव बऱ्याच लांबीवर नाहीसा झाला आहे, आणि ट्रॅपची प्लॅस्टिकची कड व टाइल यांच्यामध्ये नखाची कड शिरेल इतकी फट आहे. प्लॅस्टिक आणि सिमेंट यांची एकमेकांशी पकड मुळात कच्ची असते आणि तापमानाबरोबर दोन्ही कमीअधिक प्रमाणात प्रसरण पावतात, त्यामुळे ही फट जुन्या इमारतींत हमखास सापडते.

खर्च कोणाचा हा प्रश्न येथे उद्भवत नाही. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिकेच्या आतील न्हाणीघर, शौचालय, सिंक यांमुळे होणाऱ्या गळतीची दुरुस्ती सदस्याने स्वखर्चाने करायची असते. पावसाची आणि सामाईक बाह्य पाइपांची गळती तेवढी संस्थेकडे जाते.

२६ एप्रिल, शनिवार

सांधा खरवडण्याचे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला आडवाट नाही. हॅकसॉ ब्लेडच्या तुकड्याला एका टोकाला जाड कापड गुंडाळून त्याने प्रत्येक सांधेतला जुना भराव टाइलच्या जाडीच्या निम्म्याहून अधिक खोलीपर्यंत काढला. वरवर खरवडून नवा माल लिंपल्यास तो पापुद्र्यासारखा निघून येतो. ग्राइंडरने हे काम झटपट होते, पण टाइलची कड उडण्याचा धोका असतो, आणि सिमेंटची बारीक धूळ फुप्फुसांना घातक असल्याने बंद खोलीत तो चालवणे मला रास्त वाटले नाही. हाताने करतानाही मुखपट्टी लावली होती. शेवटी ब्रश फिरवून सांधी साफ केल्या आणि टेबलफॅन लावून न्हाणीघर सुकत ठेवले.

आतल्या खोलीच्या बाजूने ओल्या भागातला सगळा सुटा रंग आणि पुट्टी पट्टीने काढली. हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहिल्यावर खालच्या फूटभर पट्ट्यात प्लास्टरचा आवाज पोकळ येत होता. तेवढे प्लास्टर छिन्नीने विटांपर्यंत काढले. लोणा कोरड्या ब्रशनेच झाडला आणि खाली पडलेली पूड लगेच गोळा करून टाकून दिली. ओल्या फडक्याने पुसल्यास क्षार पाण्यात विरघळून पुन्हा विटेत शिरतात आणि भिंत सुकताना परत बाहेर येतात.

१ मे, गुरुवार

महाराष्ट्र दिनाची सुट्टी असल्याने नळांकडे वळलो. स्वयंपाकघरातला नळ जुन्या धाटणीचा, स्पिंडल फिरवून वायसर दाबणारा आहे. वरचा व्हॉल्व्ह बंद करून, नळ उघडून पाइपातले पाणी काढून टाकले, स्क्रू पान्याने डोके उघडले आणि झिजलेला रबरी वायसर बदलला. वायसर ज्या पितळी बैठकीवर टेकतो ती बोटाने चाचपून पाहणे आवश्यक असते, कारण बैठकीवर खाच पडलेली असल्यास नवा वायसरही काही आठवड्यांत कापला जातो आणि मग लोक वायसरच्या दर्जाला दोष देतात.

बेसिनचा नळ अर्ध्या फेऱ्यात उघडणारा, सिरॅमिकच्या चकत्यांचा आहे. त्याला वायसर नसतो. आतील काडतूस बाहेर काढले, चकत्यांवर चिकटलेला चुन्याचा थर जावा म्हणून ते व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले, नंतर धुऊन परत बसवले आणि ठिबक थांबली. ती थांबली नसती तर काडतूसच बदलावे लागले असते.

बेसिनखालचा अँगल कॉक काढलाच होता, म्हणून त्याच्या आट्यांवर नवी टेफ्लॉन टेप गुंडाळली. आट्यांचे तोंड स्वतःकडे धरून टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायची असते. उलटी गुंडाळली तर कॉक आवळताना ती सुटत जाते. प्लॅस्टिकच्या आट्यांवर पान्याने फार जोर लावू नये, तेथे हाताने घट्ट करून त्यापुढे जेमतेम अर्धा फेरा पुरतो.

४ मे, रविवार

आज टाइलच्या सांध्यांत एपॉक्सी ग्राउट, म्हणजे राळेचा भराव, भरले. हे राळ, कठिणक आणि भरणी अशा तीन घटकांत मिळते आणि एकदा मिसळले की त्याची घडण्याची मुदत सुरू होते. उष्णतेने ती मुदत झपाट्याने कमी होते, आणि सध्या दुपारचा पारा पस्तिशीच्या पुढे जात असल्याने सकाळी लवकर सुरुवात करून माल थोडा थोडाच कालवला. पाकिटावर दिलेले प्रमाण वजनकाट्यावर तोलून घेतले, कारण कठिणक कमी पडला तर राळ चिकटच राहते आणि नंतर काहीही करता येत नाही. रबरी पात्याने माल सांधेत तिरपा दाबत भरला आणि प्रत्येक टप्प्यानंतर लगेच ओलसर, चांगल्या पिळलेल्या स्पंजने टाइल पुसली. हा पुसण्याचा भाग पुढे ढकलता येत नाही. सिमेंटचे ग्राउट दुसऱ्या दिवशीही घासून निघते, एपॉक्सीचे डाग मात्र टाइलचाच भाग होऊन बसतात. हातमोजे अर्थातच हवेत, कारण ही राळ कातडीला त्रास देते.

ट्रॅपच्या कडेची फट आधी पॉलिमर मिसळलेल्या, न आकसणाऱ्या मसाल्याने भरली आणि तो सुकल्यावर वरून एपॉक्सी दिले. भिंत आणि जमीन यांचा कोपरा मात्र कठीण मालाने भरला नाही. दोन वेगवेगळ्या प्रतलांत तेथे सूक्ष्म हालचाल होत राहते आणि कठीण भराव तडकतो, म्हणून तेथे बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉनची सलग रेघ ओढून साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने गोलाकार बसवली. पाणी पुढचे काही दिवस बंद.

११ मे, रविवार

न्हाणीघरात पाणी साठवून पूर्वीचीच चाचणी परातीसह पुन्हा घेतली. जमिनीवरची आणि परातीतली पातळी सारखीच उतरली आहे. न्हाणीघर आजपासून वापरासाठी खुले केले आणि घरातली शांतता पूर्ववत झाली.

भिंत लगेच लिंपावी की नाही यावर आईशी चर्चा झाली. उघड्या विटा पाहुण्यांपुढे बरे दिसत नाहीत हे तिचे म्हणणे मान्य असूनही मी भिंत तशीच ठेवण्याच्या मताचा आहे. जाडीच्या प्रत्येक इंचाला सुमारे एक महिना हा भिंत वाळण्याचा बांधकामातला ढोबळ हिशोब आहे, आणि आमची ही भिंत प्लास्टर धरून साडेपाच इंचांची आहे. म्हणजे प्लास्टर काढले त्या एप्रिलअखेरपासून मोजले तर ती ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत वाळेल, आणि मधले चार महिने तर दमट हवेचे आहेत. त्याआधी तिच्यावर काहीही चढवणे म्हणजे उरलेले पाणी आत कोंडणे. तूर्त आईने तेथे कपड्यांचा स्टँड आणून ठेवला आहे, आणि भिंतीला वारा लागावा म्हणून तो हातभर पुढे सरकवण्याची परवानगी मला मिळाली आहे.

१७ मे, शनिवार

खिडकीचे निदान अपेक्षेपेक्षा सोपे निघाले. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीच्या खालच्या पन्हळीत पावसाचे पाणी येणे हा दोष नाही, तशी ती रचनाच असते. ते पाणी बाहेरच्या कडेला असलेल्या छोट्या निचऱ्याच्या छिद्रांतून निघून जावे अशी अपेक्षा असते. आमच्या खिडकीची छिद्रे धूळ आणि कबुतरांच्या पिसांनी बुजली होती, आणि एक तर कोणीतरी गळती थांबवण्याच्या सद्हेतूने सिलिकॉन भरून बंद केले होते. पन्हळ भरली की पाणी सोयीच्या बाजूने, म्हणजे घरात, उतरते. तारेने छिद्रे मोकळी केली, पन्हळ ब्रशने साफ केली आणि तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर पडते याची खात्री केली.

चौकट आणि भिंत यांच्यामधील फटीतला जुना वाळलेला माल काढून, पृष्ठभाग स्पिरिटने पुसून, न्यूट्रल प्रकारचे सिलिकॉन भरले. व्हिनेगरसारखा वास येणारे स्वस्त सिलिकॉन सिमेंटवर नीट धरत नाही. त्यावर रंगही बसत नाही, तो मुद्दा मात्र दोन्ही प्रकारांना लागू आहे. हात पोचला तेवढाच भाग केला. बाहेरच्या लोखंडी जाळीवर उभे राहून वरची कड गाठणे हे दुरुस्तीच्या व्याख्येत बसत नाही. वर पाहताना छज्जाच्या खालच्या अंगाला एक भेग दिसली आणि तिचे छायाचित्र काढून ठेवले.

१८ मे, रविवार

ओल्या भिंतीवरच स्विचबोर्ड आहे, त्यामुळे विजेचा विचार टाळता येत नव्हता. घरात एमसीबी आहेत, परंतु एमसीबी केवळ जादा भार आणि शॉर्टसर्किट ओळखतो. ओल्या भिंतीतून किंवा माणसाच्या शरीरातून जमिनीकडे गळणारा अल्प प्रवाह त्याला कळत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. तो मी स्वतः बसवला नाही. जुन्या वायरिंगमध्ये दोन सर्किटांचे न्यूट्रल एकत्र जोडलेले असल्यास हे उपकरण कारण नसताना खटका पाडत राहते, आणि तसे जोड शोधण्यासाठी मेगर हे रोध मोजणारे यंत्र लावून इन्सुलेशन तपासावे लागते. परवानाधारक वायरमनने ते काम केले. तपासणीत गीझरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटला अर्थिंगची हिरवी वायर पोचलेलीच नाही असे आढळले आणि ती जोडून घेतली. माझ्या मते या सगळ्या प्रकल्पातली सर्वांत मोलाची दुरुस्ती हीच आहे, आणि ती कोणाच्या नजरेस पडणार नाही.

पंखा मंद असण्याचे कारण बहुधा कपॅसिटर असते, तसेच ते निघाले. मेनस्विच बंद करून, टेस्टरने खात्री करून, कपॅसिटरची टोके इन्सुलेटेड स्क्रू ड्रायव्हरने एकमेकांना टेकवून त्यातला साठा काढला आणि जुन्यावर छापलेल्या मूल्याचाच, २.५ मायक्रोफॅरडचा, नवा बसवला. जास्त मूल्याचा बसवून वेग वाढवण्याचा सल्ला दुकानात मिळतो, पण त्याने वळणे तापतात. साधा पंखा सुमारे ७५ वॅट आणि बीएलडीसी, म्हणजे ब्रशविरहित डीसी मोटरचा, पंखा सुमारे ३० वॅट घेतो. रोज बारा तास आणि वर्षातले तीनशे दिवस धरले तर फरक साधारण १६० युनिटांचा पडतो. हा पंखा पुढे बिघडेल तेव्हा बीएलडीसी घ्यायचा, चालू पंखा त्यासाठी काढायचा नाही, असे ठरले.

२६ मे, सोमवार

मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाल्याचे हवामान खात्याने आज जाहीर केले. नेहमीच्या तारखेच्या पंधरवडाभर आधी, आणि नोंदींनुसार शहरात आजवर सर्वांत लवकर. जूनच्या पहिल्या आठवड्यात करायची म्हणून राखून ठेवलेली कामे आता पावसातच करावी लागतील.

खिडकीची परीक्षा आपोआप झाली. पन्हळीतले पाणी छिद्रांतून बाहेर जात आहे आणि आतला कडप्पा कोरडा आहे. वरच्या उजव्या कोपऱ्यातून मात्र थेंब येतात, आणि ते छज्जाच्या भेगेतूनच येत असणार. छज्जा हा इमारतीचा बाह्य भाग असल्याने छायाचित्रासह संस्थेच्या सचिवांना लेखी अर्ज दिला व त्याची पोच घेतली.

८ जून, रविवार

न्हाणीघराचे दार आता बंद होताना अडकते. रंधा मारण्याचा मोह होतो, पण पावसाळ्यात फुगलेले लाकूड रंधून काढले की हिवाळ्यात ते आकसते आणि दार व चौकट यांत फट राहते. म्हणून आधी दार नेमके कोठे घासते ते पाहण्यासाठी चौकटीच्या कडेला खडू फासून दार लावले. खडू वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात उमटला, म्हणजे फुगण्याबरोबरच दार खालीही झुकले आहे. वरच्या बिजागरीचे स्क्रू भोकात नुसते फिरत होते. स्क्रू काढून भोकांत फेव्हिकॉल लावलेल्या बांबूच्या काड्या ठोकल्या, गोंद सुकल्यावर त्या सपाट कापल्या आणि जरा लांब स्क्रू बसवले. दार आता थोडे घासते, पण लागते.

१२ ऑक्टोबर, रविवार

पाऊस ओसरल्यावर भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा पुन्हा लावला होता. तो दोन्ही बाजूंनी कोरडा राहिला. पेन्सिलीच्या जुन्या रेघेच्या आत कोठेही गडद छटा नाही. विटांवर नव्याने आलेला किरकोळ लोणा कोरड्या ब्रशने झाडला, विटा हलक्या भिजवल्या आणि एकास चार प्रमाणाच्या सिमेंट-वाळूच्या मसाल्याने सुमारे १२ मिलिमीटर जाडीचे प्लास्टर केले. हा पट्टा सात दिवस पाणी मारून ओला ठेवायचा आहे, आणि रंगापूर्वी त्याला आणखी सुमारे तीन आठवडे द्यायचे आहेत. लक्ष्मीपूजन २१ तारखेला येत असल्याने दिवाळी या भिंतीच्या करड्या पट्ट्यासह साजरी होईल. आईने कपड्यांचा स्टँड हलवू दिलेला नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

भिंतीला क्षाररोधक प्रायमर दिला. वरून पुट्टी लावताना जिप्समची न घेता पांढऱ्या सिमेंटची घेतली, कारण जिप्सम ओलीला तग धरत नाही. त्यावर बाष्प आरपार जाऊ देणारा साधा इमल्शन रंग लावायचा आहे. हवा कोरडी झाल्याने दार बरेचसे आकसले असून खडू आता चौकटीवर बोटभर जागेतच उमटतो. तेवढी कड पुढच्या रविवारी रंध्याने उतरवून, दाराची वरची आणि खालची उघडी लाकडी कडही प्रायमर व तैलरंगाने बंद करायची आहे, कारण पाणी शोषले जाते ते मुख्यतः तेथून आणि सुतार नेमक्या त्याच दोन कडा कोऱ्या सोडतात. छज्जाच्या भेगेचे काम संस्थेच्या कार्यकारिणीने जानेवारीतल्या दुरुस्तीत घेतले आहे.